सकाळी पंप पाणी का उचलत नाही?
(जुईनगरच्या एका वॉशिंग सेंटरवर शिकलेला धडा)

मित्रांनो, रेसिप्रोकेटिंग पंपाची आकृती जर्नलमध्ये काढली नाही, असा मेकॅनिकलचा एकही प्राणी आपल्या हॉस्टेलमध्ये सापडणार नाही. सिलिंडर, प्लंजर, सक्शन व्हॉल्व्ह, डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि खाली पाण्याचा हौद. व्हायवात सर विचारतात, "स्लिप म्हणजे काय?" आपण पाठ केलेलं उत्तर देतो, सही मिळते आणि पंप डोक्यातून कायमचा बाहेर पडतो. माझंही असंच झालं होतं. पण हाच पंप मला पुन्हा भेटला तो जुईनगरला, सायन-पनवेल महामार्गाजवळच्या एका छोट्या वॉशिंग सेंटरवर. तिथे त्याने माझी जी व्हायवा घेतली, तिच्यात मी सपशेल नापास झालो. त्या नापास होण्याची ही गोष्ट, आणि तिच्या निमित्ताने प्रेशर वॉशरचा थोडा अभ्यास.

घडलं ते असं. एक गाडी धुवायला नेमकं किती पाणी लागतं, हे मोजायचा आमचा मिनी प्रोजेक्ट होता. त्यासाठी आम्ही तिघं जण त्या सेंटरवर जात होतो. सेंटर म्हणजे एक रॅम्प, एक पत्र्याची शेड, तीन हॉर्सपॉवरच्या सिंगल फेज मोटरवर चालणारा प्रेशर वॉशर आणि गाड्या धुणारा एक दादा. दादा मूळचा सोलापूरकडचा. त्याला महिन्याचा पगार नव्हता, गाडीमागे पैसे मिळायचे. गाडी धुतली तर पैसे, नाही तर नाही.

शेडच्या मागे लोखंडी स्टँडवर पाण्याची टाकी होती. खाडी जवळ, त्यामुळे इथल्या हवेत लोखंड फार टिकत नाही. स्टँडचा एक पाय गंजून वाकला, म्हणून रविवारी दुपारी मालकांनी टाकी उतरवली. तात्पुरती सोय म्हणून दोनशे लिटरचा ड्रम जमिनीवर ठेवला आणि पंपाचा पाइप पाण्याने भरून त्यात सोडला. संध्याकाळपर्यंत पंप चालला. सोमवारी सकाळी दादाने स्विच टाकला तर मोटर फिरतेय, आवाज येतोय, पण गनमधून पाणी? चार थेंब, थोडी फुसफुस आणि बंद.

मालकांनी एका मेकॅनिकला फोन लावला. त्याने न बघताच निदान केलं, "पंप गेला असणार. हेड बदलावं लागेल." तेवढ्यात आम्ही पोचलो. मालक म्हणाले, "तुम्ही इंजिनीअर ना? बघा की जरा!"

आता एवढं म्हटल्यावर कोण थांबतो? वीस मिनिटांत पंपाचं हेड उघडून पत्र्यावर मांडलं. सहाच्या सहा व्हॉल्व्ह काढले, पुसले, बघितले. सगळे ठणठणीत. पुन्हा बसवले, स्विच टाकला, परिस्थिती जैसे थे. मंगळवारी अनलोडर व्हॉल्व्ह उघडला, ओ-रिंग बदलल्या. तरी तेच. मध्येच आमच्यातला एक जण (म्हणजे मीच) म्हणाला, "थोडा वेळ चालू ठेवू, पकडेल पाणी." म्हणून पंप दहा-बारा मिनिटं तसाच कोरडा फिरवला. हे वाक्य लक्षात ठेवा. त्याची किंमत पुढे सांगणार आहे.

दोन दिवस येणाऱ्या गाड्या परत जात होत्या. दादा रॅम्पच्या कडेला बसून होता. तो आम्हाला काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

पंप प्रेशर तयार करत नाही!

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्या गावाकडे विहिरीवर असतो तो बहुतेक वेळा सेंट्रिफ्यूगल पंप. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि पुढे तिथे बनलेल्या पंपांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरी उपसल्या. हा पंप भरपूर पाणी देतो, पण फार मोठं प्रेशर देत नाही. प्रेशर वॉशरचं बरोबर उलटं. त्यात पाणी थोडं आणि प्रेशर प्रचंड. त्यामुळे तिथे प्लंजर पंप लागतो, बहुधा तीन प्लंजरचा. जर्मनीत आल्फ्रेड कार्चर यांनी १९५० साली गरम पाण्याचा हाय प्रेशर क्लीनर बनवला. तेव्हापासून आजच्या वॉशिंग सेंटरपर्यंत मूळ कल्पना तीच आहे: पाण्याला लहानशा भोकातून जबरदस्तीने बाहेर काढायचं.

आमच्या पंपाचं गणित बघा. प्लंजरचा व्यास १८ मिलिमीटर, स्ट्रोक १२ मिलिमीटर. म्हणजे एका स्ट्रोकला सुमारे ३ घन सेंटिमीटर पाणी, अगदी चमचाभरसुद्धा नाही. असे तीन प्लंजर, आणि फेरे मिनिटाला १४४०. गुणाकार केला की १३.२ लिटर येतात. स्लिप वजा जाता मिनिटाला साधारण साडेबारा लिटर धरू. (बघा, ती 'स्लिप' इथे कामाला आली!)

हे साडेबारा लिटर दीड मिलिमीटरच्या नोझलमधून जायचे असतात. वाट अरुंद, पाणी मागून रेटतंय, म्हणून प्रेशर चढतं. आमच्या मशीनला ८० बार. थोडक्यात काय, तर पंप पाणी ढकलतो, आणि प्रेशर तयार होतं ते नोझलच्या अडवण्यामुळे. ही एक गोष्ट नीट कळली की निम्मं निदान झालं. प्रेशर नाही याचा अर्थ दोनपैकी एक. एक तर पंपाकडे ढकलायला पाणीच नाही, नाही तर पाणी नोझल सोडून दुसऱ्याच वाटेने चाललंय. आम्ही हा विचार न करता थेट पाना हातात घेतला होता.

पंप पाणी ओढतही नाही!

दुसरा गैरसमज यापेक्षा जुना आहे. आपण सगळेच म्हणतो, "पंप पाणी ओढतो." पाणी काही दोरी नाही, त्याला ओढता येत नाही. प्लंजर मागे सरकला की सिलिंडरमध्ये दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा ड्रममधल्या पाण्यावर दाब देऊन ते वर ढकलते. वर चढवण्याचं काम करते ती हवा.

म्हणून या कामाला मर्यादा आहे. साधे सक्शन पंप अठरा हातांच्या वर, म्हणजे साधारण दहा मीटरच्या वर पाणी चढवू शकत नाहीत, हे गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात नोंदवलं होतं. कारण पुढे त्याचा शिष्य टॉरिचेली याने सांगितलं: आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या समुद्राचं वजन पाण्याला वर ढकलतं. समुद्रसपाटीला हे वजन १०.३ मीटर पाण्याच्या खांबाइतकं भरतं. जुईनगर समुद्रसपाटीलाच, त्यामुळे आपल्याला पूर्ण १०.३ मीटर मिळतात. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला हाच आकडा ८.८ मीटरच्या आसपास येतो.

पण हा झाला पुस्तकी आकडा. त्यातून पाइपमधलं घर्षण, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा जोर आणि पाण्याचा बाष्पदाब वजा करा. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्याचा बाष्पदाब अर्धा मीटरसुद्धा नाही, पण ६० अंशाला तो दोन मीटर होतो. काळ्या टाकीतलं मे महिन्यातलं पाणी पंपाला का आवडत नाही, ते यावरून कळेल. शिवाय मिनिटाला १४४० वेळा पाण्याला थांबवायचं आणि पुन्हा पळवायचं. एवढ्या घाईत पाण्याला चढायला वेळच मिळत नाही. त्यामुळे वॉशरच्या पंपाला मीटरभर खालून पाणी घ्यायला लावणं हीसुद्धा सक्तमजुरीच. त्याला खरं तर पाणी वरून आलेलंच मानवतं.

आता आमच्या सेंटरवर काय बदललं होतं? पाणी वरून येत होतं, ते खालून यायला लागलं. एवढंच. दोन दिवस हा बदल आमच्या डोळ्यांसमोर होता आणि आम्ही पंपाच्या पोटात डोकं घालून बसलो होतो.

थांबलेली गळती

बुधवारी सकाळी दादा सहज म्हणाला, "साहेब, एक गंमत सांगू का? त्या पाइपाच्या जोडातनं आधी थेंब थेंब पाणी गळायचं. टाकी खाली आणल्यापासनं गळायचं आपोआप थांबलंय बघा."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. दादा उठला, तांब्याभर पाणी घेतलं आणि पंप चालू असताना त्या सांध्यावर धार धरली. मोटरचा आवाज बदलला! इतका वेळ हलकी पळणारी मोटर क्षणभर जड झाली आणि गनमधून एक ठसका बाहेर आला. धार संपली, पुन्हा फुसफुस.

"आमच्या विहिरीवरची मोटर अशीच हवा धरते," दादा म्हणाला. "मग आम्ही पंपात शेणकाला ओततो."

चार वर्षं अभियांत्रिकी शिकून जे सुचलं नाही, ते विहिरीच्या काठावर शिकलेल्या माणसाला तांब्याभर पाण्यात सापडलं. (शेणकाला मात्र विहिरीवरच ठीक. बारीक कणांनी वॉशरचे सील आणि व्हॉल्व्ह खराब होतील, तेव्हा तो प्रयोग इथे करू नका.)

कारण असं. सक्शन पाइपला सांध्याजवळ बारीक चीर होती. टाकी वर होती तोपर्यंत पाइपच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होता, म्हणून चिरेतून पाणी बाहेर गळायचं. त्रास काही नाही, फक्त जमीन ओली. ड्रम खाली आल्यावर पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला. आता त्याच चिरेतून पाणी बाहेर न येता हवा आत जायला लागली. पाणी गळलं तर डोळ्यांना दिसतं, हवा आत शिरली तर कुणाला दिसत नाही. सक्शनच्या बाजूची गळती 'आपोआप थांबली' तर ती बरी झालेली नसते, तिची फक्त दिशा बदललेली असते.

आणि सोमवारी सकाळीच का? रविवारी पाइप भरलेला होता, त्यामुळे थोडी हवा शिरली तरी पंप ओढून नेत होता. दादाला आठवलं, त्या संध्याकाळी गन जरा थरथरत होती. रात्री पंप बंद झाला, चिरेतून हवा आत आली आणि पाइपमधलं पाणी हळूहळू ड्रममध्ये उतरलं. खाली फूटव्हॉल्व्ह नव्हताच. सकाळी पंपाच्या वाट्याला पाइपभर हवा उरली. 'काल चालत होता, आज चालत नाही' या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या मधल्या रात्रीत असतं.

पंपाला ती हवा बाहेर का टाकता आली नाही?

हे गणित छान आहे. प्लंजर ३ घन सेंटिमीटर जागा व्यापतो, पण तो पूर्ण पुढे गेला तरी व्हॉल्व्हच्या आसपास थोडी जागा उरतेच. ती ४.५ घन सेंटिमीटर धरू. म्हणजे ७.५ मधली हवा दाबून ४.५ मध्ये बसवायची. बॉईलच्या नियमाने दाब झाला १.६७ पट, म्हणजे वातावरणापेक्षा जेमतेम ०.६७ बार जास्त. डिलिव्हरी पाइपमध्ये आदल्या दिवशीचं प्रेशर अडकलेलं असेल, समजा ५ बार, तर ०.६७ बारची ही हवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडणार कशी? ती आतल्या आत स्प्रिंगसारखी दबते आणि फुलते. प्लंजर पुढे-मागे करत राहतो, आणि पाणी ना आत येतं ना बाहेर जातं. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे पाणी भरलेला पंप पहिल्याच स्ट्रोकला व्हॉल्व्ह उघडतो.

म्हणून हवा काढायची रीत अशी: नोझल काढा, गन दाबून धरा, म्हणजे पुढची वाट मोकळी होईल. मागून पाइप आणि पंप पाण्याने भरा आणि मगच स्विच टाका. आधी ठसके, मग दुधासारखं पांढुरकं पाणी, मग स्वच्छ अखंड धार. धार अखंड झाली की मशीन बंद करून नोझल लावा. याला अर्धा-एक मिनिट लागतं. तेवढ्यात धार लागली नाही तर पंप बंद करा. 'पकडेल पाणी' म्हणून कोरडा फिरवत बसू नका.

सुरुवात बाहेरून करा

त्या दोन दिवसांनंतर आम्ही तपासणीचा एक क्रम लिहून काढला. आपल्या हॉस्टेलच्या टाक्या धुताना मेंटेनन्सच्या काकांनाही तो उपयोगी पडेल. क्रमाचं तत्त्व एकच: फुकटची तपासणी आधी, पाना सगळ्यात शेवटी.

० : जीव आधी. मशीनला हात लावण्यापूर्वी प्लग काढा आणि गन दाबून अडकलेलं प्रेशर सोडून द्या. ८० बारची धार नोझलमधून सेकंदाला सुमारे १२५ मीटर वेगाने निघते, म्हणजे ताशी ४५० किलोमीटर. ती कातडी भेदून आत शिरते. गळती शोधायला बोट फिरवू नका. धार लागून टाचणीएवढी जखम दिसली तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठा, कारण बाहेरून दिसतं त्यापेक्षा आत इजा मोठी असते. ओल्या जमिनीवर काम असतं, तेव्हा अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

१ : मोटर ऐका. मोटर गप्प असेल तर सप्लाय, एमसीबी, ओव्हरलोड आणि स्विच बघा. मोटर नुसती घुमते पण फिरत नाही, तर लगेच बंद करा, नाही तर वाइंडिंग जळेल. मग तीन शंका घ्या. पहिली, अडकलेलं प्रेशर. म्हणून सुरू करताना गन दाबलेली ठेवा. दुसरी, कपॅसिटर. तिसरी, व्होल्टेज. मोटरचा सुरुवातीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर टॉर्क फक्त ६१ टक्के उरतो. आणि हे १८० व्होल्ट पुष्कळदा आपणच तयार करतो. तीस मीटर लांब, दीड स्क्वेअर एमएमची एक्स्टेंशन वायर घ्या. जाऊन-येऊन साठ मीटर, रेझिस्टन्स सुमारे ०.७३ ओहम. मोटर सुरू होताना ८० अँपिअर घेते असं धरलं तर ५८ व्होल्ट वायरमध्येच गेले! चार स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर हाच आकडा २२ वर येतो. प्लग काढून मोटरचा पंखा हातानेही फिरवून बघा. फिरत नसेल, तर पंप जाम आहे. क्षार साचून किंवा महिनोन्महिने पडून राहून प्लंजर सीलमध्ये चिकटतात. थ्री फेज मोटर असेल तर एखादा फेज गेलेला नाही ना, तेही बघा.

२ : पाणी मोजा. मोटर फिरते पण प्रेशर नाही, तर आधी पंप सोडून द्या आणि बादली आणा. पंपाकडे येणारा पाइप वीस लिटरच्या बादलीत सोडा. साडेबारा लिटरच्या पंपाला बादली एक मिनिट ३६ सेकंदांच्या आत भरायला हवी. दोन मिनिटं लागली तर पंप उपाशी आहे, त्याला दोष देऊ नका. कॉक अर्धा बंद, पाइप मुडपलेला, टँकरच्या पाण्यातल्या गाळाने जाळी तुंबलेली, अशी कारणं निघतील. पाणी खालून घेत असाल, तर ही चाचणी होत नाही. तेव्हा जाळी आणि पाइप काढून हातानेच तपासा.

३ : हवा शोधा. सक्शनच्या प्रत्येक सांध्यावर तांब्याने पाणी ओता आणि आवाज ऐका. जिथे आवाज बदलेल तिथे चोर. क्लिप आवळा, वॉशर बदला, पाइप तडकलेला असेल तर तो भाग कापून टाका.

४ : नोझल आणि अनलोडर. नोझल तुंबलं असेल तर धार वाकडी येते. झिजलं असेल तर उलटं. दीड मिलिमीटरचं भोक दोन मिलिमीटर झालं, तर पाणी तेवढंच राहतं पण प्रेशर ८० वरून २५ बारवर येतं. म्हणजे भोक अर्धा मिलिमीटर वाढलं आणि दोन तृतीयांश प्रेशर गेलं! कित्येक 'गेलेले' पंप हे खरं तर झिजलेलं नोझल असतं. अनलोडर उघडा अडकला असेल तर पाणी नोझलकडे न जाता मागच्या मागे फिरत राहतं. त्याचा स्क्रू आवळून प्रेशर वाढवायचा मोह टाळा. तो सेफ्टीचा भाग आहे.

५ : शेवटी व्हॉल्व्ह. गन ठराविक ठेक्यात थरथरते आणि हवा तर कुठेच नाही, तर तीनपैकी एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. पाणी दोन तृतीयांश झालं की प्रेशर त्याच्या वर्गाने पडतं, म्हणजे ८० चे ३५ बार. आता पाना घ्या. आणि हेड उघडलंच आहे तर तेलाच्या काचेकडेही नजर टाका. तेल दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी आत शिरलंय.

किंमत

आता ती राहिलेली गोष्ट. चिरेचा तुकडा कापला, नवी क्लिप लावली, पाइप भरला. नोझल काढून गन दाबली आणि अर्ध्या मिनिटात धार लागली. ८० बार! आम्ही टाळ्या वाजवल्या. तासाभराने दादाने पंपाच्या खाली बोट दाखवलं. प्लंजरच्या खालून थेंब पडत होते.

प्लंजरच्या सीलला थंडावा आणि वंगण देतं ते पाणीच. आम्ही मंगळवारी दहा-बारा मिनिटं कोरडा फिरवलेला पंप म्हणजे विनापाण्याचा सील. त्याच्या कडा भाजून कडक झाल्या होत्या. सोमवारी सकाळी त्या पंपात काहीही बिघाड नव्हता. जो बिघाड झाला, तो दुरुस्त करायला गेलेल्या आम्ही केला.

सीलचा संच आम्ही तिघांनी वर्गणी काढून आणला आणि मालकांसमोर चूक कबूल करून बसवला. दादाच्या दोन दिवसांचे पैसे मात्र कुठल्याच दुकानात मिळत नव्हते. आम्ही त्याच्या हातावर जमेल तेवढं ठेवलं. त्याने नको म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

त्यानंतर मालकांनी विटांचा ओटा बांधून ड्रम पंपापेक्षा वर ठेवला. पाणी पुन्हा वरून येऊ लागलं. उद्या एखाद्या सांध्याला चीर गेली, तर ती गळून स्वतःच सांगेल. गळणारा दोष परवडला, लपणारा नको.

मित्रांनो, आपल्याला प्रश्न सोडवायला शिकवतात, आणि परीक्षेत प्रश्न छापून येतो. बाहेर तो छापून येत नाही, तो आधी शोधावा लागतो. तिथे पहिला प्रश्न 'काय बिघडलं?' हा नसून 'कालपासून काय बदललं?' हा आहे. त्याचं उत्तर सहसा त्या माणसाकडे असतं, जो रोज ते यंत्र चालवतो. पाना उचलण्यापूर्वी त्याला विचारा. आम्ही सोमवारीच विचारलं असतं, तर त्याच्या चुलीचे दोन दिवस वाचले असते.

– अंतिम वर्ष, यंत्र विभाग